विमान घेतलंय, आता टायर बदलायचेत!

नवी बुलेट घेतली की पहिल्या रविवारी आपण काय करतो? सायलेन्सर बदलतो! अलास्कात राहणाऱ्या माझ्या मामेभावाने सत्तरी ओलांडलेलं चार सीटचं विमान विकत घेतलं, तेव्हा त्याच्याही डोक्यात असंच काहीतरी होतं. पण मध्ये आले तीन जण. एक मेकॅनिक, एक नर्स आणि साताऱ्याच्या एसटी डेपोतून रिटायर झालेले आमचे मामा...

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी गॉगल लावून बसले होते. कारण सूर्य डोळ्यांत येत होता! जूनमधलं अँकरेज हे असं. सूर्य मावळतो पावणेबाराच्या सुमाराला, आणि मावळला तरी धड अंधार होत नाही. समोर तळं होतं आणि तळ्याच्या काठाने एकीला एक लागून छोटी छोटी विमानं बांधून ठेवली होती. हो, बांधूनच. गेटवेला लाँच बांधलेल्या असतात ना, तशी दोरीने.

हे लेक हूड. जगातला सगळ्यात बिझी सी-प्लेन तळ. एका बाजूला आंतरराष्ट्रीय विमानतळ, तिथून अवाढव्य मालवाहू विमानं आशियाकडे उठतात. दुसऱ्या बाजूला ही चिल्लीपिल्ली. पाण्यावरच्या विमानांसाठी तळं आणि चाकांवरच्यांसाठी शेजारीच खडीची धावपट्टी. आजूबाजूच्या रस्त्यावर पाट्या लावल्यात की विमान आलं तर आधी त्याला जाऊ द्या. माझ्या डोळ्यांदेखत एका बाबाने पंख सांभाळत विमान रस्त्यापलीकडे नेलं. चार गाड्या थांबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. पुणेकर म्हणून मला विमानापेक्षा या गोष्टीचाच जास्त धक्का बसला!

अलास्का म्हणजे साधारण साडेपाच महाराष्ट्र. आणि माणसं सगळी मिळून साडेसात लाखांच्या आत. राज्यातल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही. अगदी राजधानी जूनोलासुद्धा नाही, तिथे जायचं तर बोटीने किंवा विमानाने. त्यामुळे आपल्याकडे एसटी जे काम करते ते इथे छोटी विमानं करतात. टपाल, दूध, डायपर, शाळेची बास्केटबॉल टीम, बाळंतीण, सगळं विमानाने. आणि ज्यांचं पोट त्यावर नाही, ते शनिवार-रविवारी स्वतःचं विमान काढून अशा जागी जातात जिथे धावपट्टीसुद्धा नसते. नदीपात्रातला गोट्यांचा पट्टा, डोंगराचा माथा, समुद्रकिनारा. याला इथे म्हणतात बॅककंट्री फ्लाइंग.

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, इथे बारा वर्षं आहे. तेल कंपनीत इंजिनीअर. आधी लायसन्स काढलं, मग भाड्याची विमानं उडवली, आणि मागच्या हिवाळ्यात त्याने स्वतःचं घेतलं. १९५४ चं सेस्ना १७० बी. किंमत पुण्यातल्या वन बीएचकेएवढी, त्यासाठी कर्ज, आणि कर्जावर वहिनीची पण सही. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूल्समध्ये सेस्ना १७२ असतं, त्याचा हा थेट पूर्वज. फरक मुख्यतः चाकांचा. १७२ ला तिसरं चाक नाकाखाली, १७० ला शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना याचं नाक आकाशाकडे असतं, जरा आगाऊ पोरासारखं. नाकाखाली मोडण्यासारखं काही नाही आणि पंखा जमिनीपासून उंच राहतो, म्हणून खडबडीत जागी हेच बरं. मात्र लँडिंगनंतर पायांवरचं लक्ष जरा ढळलं, की शेपूट पुढे येऊन विमान स्वतःभोवती गिरकी घेऊ शकतं.

दुसऱ्याच दिवशी दादाने मला वर नेलं. पूर्वेकडे वीस मिनिटांवर निक नदी आहे. हिमनदीतून निघालेली, सिमेंट कालवल्यासारखं पाणी, आणि शंभर धारांमध्ये पसरलेलं पात्र. मधल्या बेटांवर गोट्याच गोट्या. त्यातल्या एका बेटावर दोन विमानं उभी होती. त्यांचे टायर... काय सांगू! ट्रॅक्टरच्या ट्यूब असतात तसे गुबगुबीत. शेजारी माणसं खुर्च्या टाकून काहीतरी भाजत बसली होती. दादा खाली गेला. अजून खाली गेला. मला धुराचा वास येईल इतका खाली. आणि मग त्याने पॉवर दिली आणि आम्ही वर आलो.

"उतरायचं नाही?" मी हेडसेटमधून विचारलं.

"आपले टायर लहान आहेत," दादा म्हणाला. सोसायटीत सगळ्यांकडे कार आहे आणि आपल्याकडे स्कूटर आहे, हे सांगताना माणसाचा आवाज जसा होतो तसा आवाज होता.

फ्रिजवरची यादी

घरी फ्रिजवर मॅग्नेटने एक यादी लावलेली होती. दादाच्या इंजिनीअर अक्षरात. पहिला नंबर अर्थातच टायरचा. इथे त्यांना बुशव्हील किंवा टंड्रा टायर म्हणतात. २६ इंची, २९ इंची, ३१ इंची, आणि अजून मोठे. हवा अगदी कमी, त्यामुळे दगडावर चाक आपटत नाही, दगडाला मिठी मारतं. एका जोडीच्या पैशांत आपल्याकडे बऱ्यापैकी सेकंडहँड कार येते.

दोन नंबरला पंखांच्या पुढच्या कडेला बसवायचा कफ. तीन नंबरला व्हॉर्टेक्स जनरेटर. नाव भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात अंगठ्याच्या नखाएवढे धातूचे पत्रे. पंखावर ओळीने डझनावारी चिकटवायचे, बस. विमान हळू करत नेलं की एका क्षणी हवा पंखाला सोडून देते आणि विमान पडायला लागतं. याला स्टॉल म्हणतात. हे चिमुकले पत्रे हवेला लहान लहान भोवरे देतात, त्यामुळे ती पंखाला जरा जास्त वेळ चिकटून राहते. म्हणजे अजून थोडं हळू उडता येतं. आणि हळू उडता आलं की कमी जागेत उतरता येतं. बॅककंट्रीचा सगळा फंडा हाच आहे. जगभर लोक वेग वाढवायला पैसे मोजतात, इथे वेग कमी करायला!

चार नंबरला इंजिन. आहे ते १४५ हॉर्सपॉवरचं, त्याच्या जागी १८० चं. मग सामानासाठी मागे जास्त जागा, हिवाळ्यात चाकांऐवजी स्की, नवा रेडिओ, नवा रंग... यादी फ्रिजच्या हँडलपर्यंत आली होती. आणि बजेट होतं पंधरा हजार डॉलर.

दर मे महिन्यात इथल्या वाल्डीझ गावात एक स्पर्धा भरते. कोण सगळ्यात कमी जागेत उठतो आणि उतरतो याची. जिंकणारे लोक विमान पंधरा फुटांच्या आत थांबवतात. म्हणजे आपल्या हॉलमध्ये! त्याचे व्हिडिओ दादा जेवताना बघतो. वहिनी म्हणते, पूर्वी निदान क्रिकेट तरी बघायचा.

यादीच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात आणि वेगळ्या पेनने, एक ओळ होती. 'खांद्याचे पट्टे. चारही सीटना.' ती वहिनीची होती.

बोनेट उघडा

मामा-मामी दोन महिन्यांसाठी आलेले होते. मामी गुडघ्यांमुळे घरीच. मामांनी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेलं. आल्यापासून त्यांची तक्रार एकच होती की या देशात बघण्यासारखं बरंच आहे पण उघडून बघण्यासारखं काही मिळत नाही. त्यामुळे विमानाची वर्षाची तपासणी आहे म्हटल्यावर ते सकाळी सहालाच अंघोळ करून तयार.

ही तपासणी म्हणजे आपलं पासिंगच. फक्त इथे विमान जवळजवळ पूर्ण उघडतात. हँगर मेरिल फील्डवर होतं, शहराच्या मधोमध असलेल्या छोट्या विमानतळावर. मेकॅनिक सत्तरीच्या आसपासचे, बोलायला एकदम कंजूस. मामांचं इंग्रजीही बेताचंच. पण मी सांगते, त्या दोघांना पहिल्या दहा मिनिटांनंतर दादाची किंवा माझी काहीही गरज लागली नाही. मामा शेपटीकडे गेले, खाली वाकले आणि एकदम ओरडले, "अगं, पाटा आहे की हा!"

खरंच होता. शेपटीचं चाक ज्यावर बसवलेलं असतं ती लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, तीच जी ट्रकला आणि एसटीला असते. पुढचे दोन्ही पाय म्हणजे पण वाकवलेल्या स्प्रिंग स्टीलचे जाड पट्टेच. स्टीव्ह विटमन नावाच्या अमेरिकन वैमानिकाची ती आयडिया, सेस्नाने त्याच्याकडून घेतली. मामांनी पाट्यावरून बोट फिरवलं, चीर आहे का बघितलं, बोट नाकाशी नेलं. मेकॅनिक बघत होते. त्यांनी न बोलता मामांच्या हातात टॉर्च दिला.

मग लॉगबुकं निघाली. १९५४ पासूनची. या विमानात काय काय बदललं, कुणी बदललं, कधी, कोणत्या परवानगीने, सगळं त्यात. इथे कुठलीही मोठी सुधारणा करायची तर तिला सरकारी मंजुरी असलेलं डिझाइन लागतं, त्याला एसटीसी म्हणतात. (मामांना हे नाव भलतंच आवडलं. "एसटी सगळीकडे आहे बघ!") एसटीसी विकत घ्यायची, मेकॅनिककडून काम करून घ्यायचं, त्याने फॉर्म ३३७ भरायचा, अधिकार असलेल्या इन्स्पेक्टरने सही करायची, आणि विमानाचं वजन नव्याने मांडायचं. दादाच्या विमानात कुठल्याशा जुन्या मालकाने सामानाच्या कप्प्यात जास्तीचं फळकूट बसवलं होतं. छान होतं, मजबूत होतं, पण त्याचा कागद नव्हता. मेकॅनिकनी ते उचकटून बाहेर ठेवलं. विषय संपला.

आणि मग सीट.

मामा ड्रायव्हरच्या सीटवर... सॉरी, पायलटच्या सीटवर बसले, आणि सवयीने पाठ मागे दाबून हिसडा दिला. सीट 'टक' करून एक घर मागे गेली. त्यांनी पुढे घेतली, परत हिसडा दिला. परत टक.

या जुन्या सेस्नांची सीट दोन रुळांवर सरकते. रुळांना भोकं असतात आणि सीटची पिन त्या भोकात बसते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोकं झिजतात, लांबट होतात, पिन धरत नाही. मला वाटलं, मग काय झालं? मेकॅनिकनी मला सीटवर बसवलं आणि दोन्ही हातांत कंट्रोल धरायला लावला. म्हणाले, तू आता टेक-ऑफ करते आहेस, नाक वर आहे, इंजिन फुल आहे. आणि त्यांनी सीट मागे ढकलली. माझे हात सुटले नाहीत. माणूस घसरताना हातातलं सोडत नाही, अजून घट्ट धरतो. कंट्रोल माझ्याबरोबर मागे आला. तो मागे आला म्हणजे नाक अजून वर जाणार, पाय पेडलपर्यंत पोचणार नाहीत, आणि जमीन शंभर फुटांवर. अशी माणसं गेली आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या विमान खात्याने १९८७ पासून या रुळांची तपासणी सक्तीची केली आहे. भोक ठरावीक मापापेक्षा मोठं झालं की रूळ बदलायचा.

मेकॅनिकनी माप लावलं. मापापेक्षा मोठं होतं. मागच्या वर्षी थोडक्यात पास झालेला रूळ यंदा नापास.

दादा काही बोलला नाही. परवा निक नदीवर आम्ही जिथून पॉवर देऊन वर आलो होतो ते मला आठवलं. त्यालाही तेच आठवत असणार.

मामा खाली उतरले, हात पुसले आणि मुलाला एवढंच म्हणाले, "आधी ब्रेक बघायचा. भोंगा मागनं."

विमानतळांची नावं

त्या संध्याकाळी मी एकटीच लेक हूडच्या काठावरच्या एव्हिएशन म्युझियममध्ये गेले. आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली, ती आता डोक्यातून जात नाही.

आम्ही जिथे सकाळभर होतो ते मेरिल फील्ड रसेल मेरिल यांच्या नावाचं. अलास्कातले सुरुवातीचे वैमानिक. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये उडाले ते परत आले नाहीत. मी ज्या मोठ्या विमानतळावर उतरले तो टेड स्टीव्हन्स या सिनेटरच्या नावाचा. १९७८ मध्ये याच विमानतळावरच्या अपघातातून ते वाचले होते, त्यांची पत्नी त्यात गेली. ९ ऑगस्ट २०१० ला डिलिंगहॅमजवळ विमान डोंगराला धडकून तेही गेले. आणि अगदी उत्तर टोकाच्या उत्किआग्विक गावचा विमानतळ आहे वायली पोस्ट आणि विल रॉजर्स यांच्या नावाचा. एक एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक, दुसरा अमेरिकेचा लाडका विनोदवीर. दोघंही १५ ऑगस्ट १९३५ ला त्याच भागात गेले.

पोस्ट यांची गोष्ट मी म्हटलं तर दादासाठीच वाचली. त्यांचं विमान म्हणजे मॉडिफिकेशनचा कळस होता. एका मॉडेलचं धड, दुसऱ्या मॉडेलचे पंख. पाण्यावर उतरायला फ्लोट हवे होते, ठरवलेले वेळेत आले नाहीत, म्हणून दुसऱ्या विमानाचे मोठे बसवले. एकेक भाग आपापल्या जागी उत्तमच. पण सगळं मिळून नाक जड झालं. इंजिन चालू असेपर्यंत ते सांभाळता येत होतं. टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडलं आणि नाक उचलायला काही उरलं नाही.

मी घरी आले तेव्हा वहिनी ड्यूटीवरून आली होती. ती इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "उडण्याची नाही वाटत. उन्हाळ्यात आमच्याकडे येतात ना असे पेशंट. विमान सावकाश आपटलेलं असतं. पाय धड, हात धड, विमानही बरंचसं धड. पण पट्टा फक्त कमरेचा. मग डोकं पुढे जातं."

तिने यादीत एक ओळ का लिहिली होती ते कळलं. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांच्या पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला. सगळ्या सीटना व्हायला डिसेंबर १९८६ उजाडला. १९५४ च्या विमानाला दोन्ही नियम लागू नाहीत. कायद्याने दादा बिनधास्त उडू शकतो.

बाथरूमचा वजनकाटा

रविवारी डायनिंग टेबलवर हिशेबाला बसलो. या विमानाचं कमाल वजन ९९८ किलो. रिकामं विमान ६०३. उरले ३९५. टाकी फुल केली तर पेट्रोल १४० लिटर, म्हणजे १०० किलो. मग जगण्याची पिशवी! अलास्कात ती कायद्याने लागते. माणशी शिधा, कुऱ्हाड, सुरी, आग पेटवायचं साधन, प्रथमोपचार, मासे धरायला गळ आणि दोरा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर घालायला डासांची जाळी. (अलास्कातले डास बघितले की या कलमाबद्दल आदर वाटतो.) ती पिशवी आणि टूल्स मिळून २५. उरले २७०.

मग वहिनीने बाथरूममधला वजनकाटा आणला आणि सगळ्यांना चपला काढून उभं केलं. दादा ८४, मामा ७१, वहिनी ६२, मी ५८. (छापू नका म्हटलं होतं, पण हिशेब जुळत नाही.) बेरीज २७५.

यादीतली एकही वस्तू अजून बसवलेली नव्हती, आणि आम्ही पाच किलोंनी बाहेर होतो!

आता यात मोठे टायर घाला. दहा-पंधरा किलो तरी वाढले. मोठं इंजिन, त्याचा पंखा, अजून वजन आणि तासाला पेट्रोलही जास्त. आणि ९९८ चा आकडा काही त्याने आपोआप वाढत नाही. प्रत्येक सुधारणेचं वजन कुणाच्या तरी मांडीवरून उचलायचं. एवढं सगळं केल्यावर विमान कुठेही उतरू शकेल, फक्त त्यात बसायला कुणी नसेल. वाल्डीझच्या स्पर्धेत तेच तर असतं. एक माणूस, घोटभर पेट्रोल, बाकी सगळं काढून टाकलेलं.

दादाने पेन घेतलं. मला वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही. तो बराच वेळ यादीकडे बघत होता आणि मग त्याने सगळ्यात आधी नवा रंग खोडला. मग इंजिन. मामांनी तेवढ्यात विचारलं, गिअर बदलता येतो का? म्हणजे पंखा! पंख्याच्या पात्यांचा पीळ कमी केला की विमान लवकर उठतं, पण वर गेल्यावर सावकाश जातं. अगदी खंबाटकीच्या घाटात सेकंड गिअर टाकल्यासारखं. १८० चं इंजिन घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, आणि वजनात फरक नसल्यात जमा. 'पंखा' यादीत आला, चौथ्या नंबरला.

पहिले तीन ठरलेच होते. सीटचे रूळ, आणि सीट घसरलीच तर धरून ठेवणारा जास्तीचा स्टॉपर. खांद्याचे पट्टे. आणि नवा ईएलटी, म्हणजे विमान आपटलं की आपोआप सिग्नल देणारा डबा. विमानात जो होता तो जुन्या फ्रिक्वेन्सीचा, आणि ती फ्रिक्वेन्सी ऐकणं उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ लाच बंद केलंय. म्हणजे कुणी वरून चाललंच असेल तर ऐकेल. १९७२ मध्ये हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे दोन खासदार अँकरेजहून जूनोला निघाले, त्यांचं विमान आजपर्यंत सापडलेलं नाही. ईएलटीच्या सक्तीला जोर आला तो त्यानंतर.

मग हिवाळ्याची कव्हरं. पंखांवर नुसतं दव गोठलं तरी विमान उठत नाही, म्हणून कापडी कव्हरं घालून ठेवायची. आणि इंजिन गरम करायला हीटर. याच्यात फोटो काढून टाकण्यासारखं काही नाही. दादाने टायरपाशी पेन थांबवलं. खोडलं नाही. '३१ इंची' काढून '८.५०' लिहिलं. हे साधे, जरा जाडे टायर. खडीच्या धावपट्टीला पुरतात, निकच्या गोट्यांना नाही.

टॉकीटना, रस्त्याने

रूळ आठवड्यात आले. पुढच्या दोन सीटचे पट्टेही बसले. मागच्या दोन सीटचं काम खटपटीचं निघालं, पट्टा जिथे अडकवायचा तिथे आतून मजबुती द्यायला हवी होती आणि तो भाग यायला वेळ होता. मामांचं परतीचं तिकीट चार दिवसांवर. तेव्हा वहिनीने निकाल दिला. मामा आणि दादा विमानाने जातील. मी आणि ती कारने.

अँकरेजहून टॉकीटना १८५ किलोमीटर. विमानाने पाऊण तास, रस्त्याने अडीच. सगळा रस्ता बर्च आणि स्प्रूसच्या जंगलातून, मध्येच एखादं मूस बाजूच्या दलदलीत गुडघाभर उभं. टॉकीटना म्हणजे एक मुख्य रस्ता, लाकडी दुकानं, दालचिनीचा वास आणि पाठीवर दोर घेतलेले गिर्यारोहक. सहा हजार एकशे नव्वद मीटरच्या डेनालीवर जाणारे सगळे इथूनच जातात. (या शिखराचं सरकारी नाव २०२५ पासून परत माउंट मॅकिन्ली झालंय, पण गावात मला ते नाव घेणारं कुणी भेटलं नाही.) चाकांना स्की जोडलेली विमानं त्यांना हिमनदीवर नेऊन सोडतात. याच गावातल्या डॉन शेल्डन या वैमानिकाने हिमनद्यांवर उतरण्यात नाव कमावलं.

आम्ही विमानतळाच्या कुंपणापाशी उभ्या राहिलो. दादाने निघताना केलेला मेसेज होता, त्या हिशेबाने सव्वाअकराला यायला हवे होते. साडेअकरा झाले. एक लाल विमान आलं, ते दुसरंच. एक पिवळं आलं. वहिनी थर्मासच्या झाकणात चहा ओतत होती आणि तो न पिता परत थर्मासमध्ये ओतत होती. मी काहीबाही बोलत होते. अकरा चाळीसला ती म्हणाली, "तू जरा गप्प बस ना."

अकरा शेचाळीसला दक्षिणेकडून एक बारीक आवाज आला. तिने माझ्या आधी ओळखला.

चंदेरी विमान वळलं, खाली आलं, आधी दोन चाकं टेकली, मग शेपूट. छोटंसं हॉपिंग झालं, दादा नंतर म्हणाला वाऱ्यामुळे. मामांना डेनाली जवळून दाखवायला त्याने उत्तरेला एक चक्कर जास्त मारली होती. इकडे मेसेज करायला नेटवर्क कुठलं! वहिनी त्याला काही बोलली नाही. नवा ईएलटी तेवढा बसला ना, असं विचारलं. तो म्हणाला, मंगळवारी.

मामा उतरले. टोपी सरळ केली. आम्हाला वाटलं आता डेनालीबद्दल काहीतरी सांगतील. ते आधी शेपटीकडे गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पाट्यावरून बोट फिरवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "नदीत त्या गोट्या दिसल्या मला. तिथे उतरायला याला मोठेच टायर लागतील. चहा आहे का गं?"